चाकांवरचा वाफा

चूक एकच झाली, आणि ती पहिल्याच दिवशी झाली. काकांनी परवानगी लेखी मागितली.

तोंडी त्यांना मिळालेलीच होती. सोसायटीचे सेक्रेटरी खाली गाडी पुसत उभे होते. काका जाऊन म्हणाले, "मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीशेजारी, थोडी भाजी लावावी म्हणतो. उंच वाफा करून. सहा फूट बाय तीन फूट."

"लावा की काका," सेक्रेटरी म्हणाले. "तिथे तरी काय आहे? एक फुटका कमोड आणि एक टायर."

एवढ्यावर दुसरा कुणीही माणूस खुशीत घरी गेला असता आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. पण काकांनी चौतीस वर्षं सरकारी गोदामाच्या नोंदणी विभागात काढलेली. आलेली वस्तू कुठल्या रकान्यात मोडते हे ठरवायचं, हे त्यांचं काम. छत्री वस्त्रांत धरायची की अवजारांत, यावर त्यांनी एकदा सतरा दिवस पत्रव्यवहार केला होता आणि शेवटी वरच्या कचेरीला नमवलं होतं. इमारतीतली मुलं त्यांना पाठीमागे रकानेकाका म्हणत. मग मोठेही म्हणू लागले, आणि अलीकडे तर समोरच म्हणत. काकांना त्यात काही गैर वाटत नसे, कारण खोटं काहीच नव्हतं.

"तोंडी नको," रकानेकाका म्हणाले. "उद्या तुम्ही नसलात तर?"

"मी कुठे चाललोय?"

"तसं नाही हो. पण कागद असलेला बरा."

सेक्रेटरींनी फडकं पिळलं आणि मान हलवली. काकांनी त्याच दुपारी तीन प्रतींत अर्ज केला. सोबत नकाशा जोडला, त्यात कमोड आणि टायरही दाखवले.

"विचारलंत कशाला?" काकू म्हणाल्या. त्या पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून होत्या. हल्ली त्या तिथेच बसत. "माती टाकायची, रोप लावायचं. कोण बघतंय तिकडे?"

 माणसाचं चारित्र्य कुणी बघत नसतानाच कळतं, असं काहीतरी काकांच्या मनात आलं होतं, पण काकूंसमोर असली वाक्यं टिकत नसत.

खरं तर हा सगळा खटाटोप काकूंसाठीच होता, आणि हे तेवढं अर्जात लिहिलेलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी त्यांना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कधी ते सांगता येत नाही. ओळखीचे, ताजे वास घेत राहा." काकू घरी येऊन म्हणाल्या, "ओळखीचा म्हणाल तर लहानपणी आमच्या घरामागे टोमॅटोची झाडं होती. पान चुरडलं की दिवसभर हाताला वास. बाजारच्या टोमॅटोला तो कुठला?" एवढं बोलून त्या गप्प झाल्या.

त्या गप्प होण्याचीच काकांना धास्ती होती. पस्तीस वर्षं या बाईंनी ताटातल्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवली होती, स्वतः केलेल्यालासुद्धा. चहा पाणचट, भाजी गिच्च, पाव शिळा. आता पुढ्यात येईल ते गिळायचं, वर पाणी प्यायचं आणि उठायचं. आजारपणापासून स्वयंपाक काकांकडे आला होता. एक दिवस त्यांनी मीठ समजून भाजीत साखर घातली. दोन घासांतच त्यांना मळमळायला लागलं. समोर बघतात तर काकू शांतपणे जेवत होत्या. जेवल्या, ताट घासायला ठेवलं, खिडकीशी जाऊन बसल्या. त्या दिवशी काका खरोखर घाबरले.

तर अर्ज. गेल्या अकरा वर्षांत सोसायटीकडे कुणी अर्ज म्हणून केलेला नव्हता. भांडणं झाली होती, पाण्याच्या वेळेवरून दोन घरं एकमेकांशी बोलायची थांबली होती, पण कागद असा नव्हता. तो कुठे ठेवायचा हेच सेक्रेटरींना कळेना, म्हणून त्यांनी तो फ्रिजवर ठेवला. तिसऱ्या दिवशी काकांनी स्मरणपत्र दिलं. सेक्रेटरींनी ते वाचलं, एक खोल श्वास सोडला आणि सभा बोलावली. सभेला नऊ माणसं आली. त्यातली सात पार्किंगबद्दल बोलायला आली होती. शेवटी ठराव झाला की समिती वाफ्याच्या बाजूने आहे, पण जमिनीचं प्रकरण असल्याने पालिकेला कळवलेलं बरं. काकांना तो ठराव मनापासून आवडला. त्यांनीच त्याचा मसुदा सुधारून दिला.

पालिकेचं उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसण्यात अर्थ नव्हता. काकांनी वाफा बांधायला घेतला. मागची जमीन म्हणजे नुसता राडारोडा, त्यात काही उगवणं शक्य नव्हतं, आणि काकांचे गुडघे वाकणं त्याहून शक्य नव्हतं. म्हणून उंच वाफा. विटा एका पाडलेल्या भिंतीच्या मिळाल्या. त्या त्यांनी काकूंच्या निळ्या बादलीतून, एका वेळी चार, अशा आणल्या. पूर्वी त्या बादलीला हात लावला असता तर घर डोक्यावर घेतलं गेलं असतं. आता काकू वरून नुसत्या बघत राहिल्या.

चार दिवसांत दीड फूट उंचीचा, चारही बाजूंनी काटकोनात असलेला वाफा उभा राहिला. काकांनी गुण्या लावून तपासला. कंबर धरली होती, बोटं सोलली होती, पण एवढा सरळ वाफा त्या भागात दुसरा नसणार, याची त्यांना खात्री होती.

लगेच सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांचं प्रत्येक वाक्य "मी सांगतो" ने सुरू होतं, म्हणून काकूंनी कधीकाळी त्यांचं नावच मीसांगतो ठेवलं होतं. मीसांगतो वाफ्याभोवती हात मागे बांधून तीन फेऱ्या मारून म्हणाले, "मी सांगतो, मातीत चहाचा चोथा घाला. सोनं होतं मातीचं." हे त्यांनी फक्त काकांना सांगितलं असतं तर ठीक होतं. त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं. दोन दिवसांत सोळा घरांचा चोथा वाफ्यात येऊन पडला, त्यातल्या बऱ्याच घरांत चहात साखर जास्त घालत असावेत, कारण तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. मुंग्यांवर कुणी हळद सांगितली, कुणी राख, आणि कुणी न्हाव्याकडचे कापलेले केस. काका सगळं ऐकून घेत आणि संध्याकाळी घमेल्याने चोथा बाहेर काढत.

अशाच एका संध्याकाळी पालिकेच्या निरीक्षकबाई आल्या. सर्दीने बेजार झालेल्या, एका हातात टेप, दुसऱ्या हातात रुमाल.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वाफा," काका अभिमानाने म्हणाले.

बाईंनी मोजलं, लिहिलं, शिंकल्या. मग म्हणाल्या, "विटेवर वीट आहे, मध्ये सिमेंट आहे, उंची फुटाच्या वर आहे. हे बांधकाम झालं. कुंपणाच्या भिंतीपासून पाच फुटांत बांधकाम चालत नाही."

"पण आत पालक लावणार आहे."

"आत काय आहे ते आम्ही बघत नाही काका. लोक घराच्या आतही काय काय करतात."

काकांना वाईट वाटलं, पण राग आला नाही. तर्क निर्दोष होता. बाईंच्या जागी ते असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं, फक्त शिंकले नसते. बाईंना त्यांचा चेहरा बघून दया आली असावी. जाताना त्या म्हणाल्या, "लाकडाचा करा. लाकडाचं काही आमच्याकडे येत नाही. विटा सगळ्या हलवा मात्र. मी परत येऊन बघेन, मग फाइल बंद करू."

जे चार दिवसांत बांधलं ते पाडायला सहा दिवस लागले. सिमेंट काकांनी जरा जास्तच चांगलं कालवलं होतं.

सुतार कोपऱ्यावरचाच होता. वय काकांएवढं, कान काकांपेक्षा वाईट. त्याने आयुष्यभर एकच वस्तू केली होती, ती म्हणजे पलंग. काकांनी त्याला कागदावर काढून दाखवलं: सहा बाय तीनची पेटी, वीतभर खोल, खाली चार पाय, म्हणजे वाळवी लागणार नाही आणि वाकावंही लागणार नाही. सुताराने कागद उलटा धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "समजलं. काळजी सोडा."

आठवड्याने त्याने जे आणलं त्याला चार नक्षीदार पाय होते, आणि एका टोकाला हातभर उंच, कमानदार, मध्ये फूल कोरलेली उशाची फळी होती.

"ही कशाला?" काकांनी ओरडून विचारलं.

"म्हणजे?" सुताराला प्रश्नच कळला नाही. "सहा बाय तीनला उशाकडची फळी लागतेच. नाहीतर डोकं कुठल्या बाजूला करायचं ते कसं कळणार?"

काकांच्या अंगात वाद घालायची ताकद उरली नव्हती. त्यांनी माती भरली. टोमॅटोची चार रोपं उशाकडे लावली, मध्ये पालक, पायथ्याशी मुळे. झाडं अतिशय आरामात पहुडल्यासारखी दिसत होती. त्या दिवसापासून जिन्यात भेटणारा प्रत्येकजण तेच विचारू लागला. "काय काका, काकूंनी घराबाहेर काढलं वाटतं?" पहिल्या तिघांना काकांनी सविस्तर खुलासा केला. चौथ्यापासून नुसतं हसायला लागले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी हसलं नव्हतं, निदान त्यांच्या देखत तरी.

काकूंनी वरून पलंग बघितला. "विचारलंत कशाला?" एवढंच म्हणाल्या. पूर्वी या पलंगावर त्या आठवडाभर बोलल्या असत्या.

महिन्याभराने टोमॅटोची रोपं गुडघ्याएवढी झाली आणि सेक्रेटरींनी काकांना गाठलं. त्यांचा चेहरा पडलेला होता. "काका, मला काही अडचण नाही हो. पण तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली. त्यांचं चपलांचं कपाट आपण जिन्यातून काढायला लावलं होतं ना, नियम चौदा, सामायिक जागेत फर्निचर ठेवायचं नाही. ते म्हणतात, मग पलंग कसा चालतो?"

"पलंग नाही तो."

"मग काय आहे?"

काकांनी मागे वळून बघितलं. पाय, फळी, फूल. उभ्या आयुष्यात त्यांनी असली वस्तू फर्निचरशिवाय दुसऱ्या रकान्यात घातली नसती. त्यांची मान आपोआप खाली गेली.

"मी सांगतो," मागून आवाज आला. मीसांगतो अशा वेळी कुठून उगवत कोण जाणे. "सायकली चालतात ना आवारात? बाळाची गाडी चालते ना? का? तर ती रोज हलते. याला चाकं लावा. सकाळी फाटकापाशी उन्हात, संध्याकाळी मागे. जे हलतं ते फर्निचर नव्हे."

 तर्कात भोक सापडेना. आणि काकांना ते शोधायचंही नव्हतं.

सुताराने जुन्या दवाखान्यातल्या खाटेची चार चाकं बसवली. ती इतकी गुळगुळीत फिरत की त्याचीच भीती वाटावी, कारण आवाराला पंपाच्या खोलीपासून फाटकापर्यंत उतार होता, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून केलेला. त्यामुळे सकाळी काका आणि वॉचमन पुढून धरून, टाचा रोवून, वाफा अडवत अडवत खाली न्यायचे, आणि संध्याकाळी मीसांगतोंना बोलावून तिघं मिळून तो वर ढकलायचे. भिजलेल्या मातीचं वजन काय असतं हे ज्याने ढकललं त्यालाच माहीत. मीसांगतो ढकलण्यापेक्षा सांगण्याचं काम जास्त करत. वर पोचल्यावर वाफा घरंगळू नये म्हणून काका पुढच्या चाकाखाली एक वीट लावत. पाडलेल्या वाफ्यातली तेवढी एकच वीट त्यांनी ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी वॉचमनने वही पुढे केली. "काका, चाकं आहेत, रोज ये-जा आहे. नोंद करायला पाहिजे."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच काकांना कुणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. दोघांनी मिळून नोंद केली. वाहनाचा प्रकार: इतर. चालक: स्वतः. आतील व्यक्ती: टोमॅटो चार, पालक अंदाजे तीस, मुळे बारा. काकांनी सही केली आणि खाली तारीख घातली. एक स्टिकरही मिळालं, ते उशाच्या फळीवर फुलाच्या खाली लावलं.

असे दोन महिने गेले. काकांचे खांदे उतरले, चालताना ते एका बाजूला झुकू लागले. पालक किडीने खाल्ला. मुळे वर हिरवेगार आणि खाली करंगळीएवढेच राहिले. पण टोमॅटोंना फुलं आली, मग हिरव्या गोळ्या धरल्या. काका रोज वर जाऊन काकूंना आकडा सांगत. "आज सात झाले." काकू "बरं" म्हणत. त्या खाली यायला तयार नव्हत्या. "काय करायचंय येऊन? मला कुठे काय कळणार आहे?"  एखादा टोमॅटो लाल होईल, तो त्यांच्या हातावर ठेवू, आणि मग बघू, एवढीच काकांची योजना होती. त्यापुढची त्यांच्याकडे नव्हती.

त्या रविवारी दहाच्या सुमाराला निरीक्षकबाई आल्या. फाइल बंद करायची राहिली होती. सुट्टीच्या दिवशीही आल्या याचं काकांना कौतुक वाटलं. काकांचं अंग त्या दिवशी दुखत होतं, त्यामुळे वाफा अजून वरच, पंपाच्या खोलीपाशी होता. खाली फाटकाजवळ सेक्रेटरी गाडी धूत होते. मीसांगतो त्यांना गाडी कशी धुवायची ते सांगत होते.

बाईंनी वाफ्याकडे बघितलं. पाय, चाकं, फळी, फूल, स्टिकर. 

"लाकडाचा आहे," काका हळूच म्हणाले.

"दिसतंय," बाई म्हणाल्या आणि खाली वाकल्या. "पण काका, ही वीट अजून इथेच आहे. बांधकामाचं सगळं साहित्य हलवलं, असं मला लिहायचंय. वीट दिसत असताना मी तसं कसं लिहू?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. काकांच्या डोक्यात त्या क्षणी फक्त एवढंच आलं, की यांचं म्हणणं बरोबर आहे. वीट, साहित्य, हलवणे. ते वाकले आणि त्यांनी वीट उचलली.

वाफा लगेच निघाला नाही. आधी त्याने जरा विचार केला. मग चाकं किंचित करकरली, आणि तो अगदी सावकाश, एखादा बडा अधिकारी दौऱ्यावर निघावा तसा निघाला. काका वीट हातात घेऊन बघत राहिले. वीट खाली ठेवावी आणि धावावं हे त्यांना सुचायला जो वेळ लागला तेवढ्यात वाफ्याने वेग घेतला. पालकाच्या काड्या मागे उडू लागल्या. वॉचमन सवयीने वही घेऊन उठला. मीसांगतो ओरडले, "मी सांगतो, धरा!" आणि स्वतः बाजूला झाले. सेक्रेटरी साबणाच्या हातांनी आडवे आले, मग शहाणपण सुचून परत सरकले.

उशाकडची फळी आधी लागली. सुताराने काम पक्कं केलं होतं. फळीला काही झालं नाही, गाडीचं दार मात्र आत गेलं. मग पेटी कलंडली आणि दोन महिने खत घातलेली, भिजलेली, काळीभोर माती त्या नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या टपापर्यंत चढली. एक मुळा काच पुसायच्या दांडीत अडकून उभा राहिला.

 निरीक्षकबाई शिंकल्या. मग त्यांनी काकांच्या हातातल्या विटेकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "फाइल बंद केली."

दुसऱ्या दिवशी काकांना सेक्रेटरींची नोटीस मिळाली. तीन प्रतींत होती. मुद्दे क्रमांक घालून लिहिलेले, खाली संदर्भ, सोबत नकाशा. पलंग, वाफा, वाहन, जे काही असेल ते, सात दिवसांत आवारातून हलवावं. काकांनी ती दोनदा वाचली. त्यात एकही चूक नव्हती. हा माणूस आपल्याकडूनच शिकला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते पायरीवरच बसले.

त्यांनी सात दिवस लावले नाहीत. त्याच दुपारी माती पोत्यांत भरली, मोडलेली रोपं एकेक करून उपटली आणि कचऱ्याच्या ढिगावर टाकली. कच्चे टोमॅटो चिरडले गेले होते. काकांना रडू येत होतं, पण वॉचमन बघत असल्याने त्यांनी ते पुढे ढकललं. हात हिरवे-काळे झाले होते. तसेच ते वर गेले, आणि काकू खिडकीत बसल्या होत्या तिथे जाऊन म्हणाले, "संपलं सगळं. मला काही जमत नाही बघ."

 काकूंनी नाक फेंदारलं. मग भुवया आक्रसून काकांचा हात ओढून जवळ घेतला आणि नाकाला लावला.

"कसला वास येतोय तुमच्या हाताला?"

काकांनी दुसराही हात पुढे केला.

काकूंनी परत वास घेतला, मग तिसऱ्यांदा. आणि हात सोडून दिला. "गेला. भास झाला असेल."

"काय वाटलं होतं? कशासारखं?"

"काही नाही हो. हात धुवा जा."

काकांनी हात धुतले नाहीत. ते तसेच खाली उतरले, कचऱ्याच्या ढिगात गुडघे वाकवून बसले, ते कसे वाकले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक, आणि चार रोपांतलं त्यातल्या त्यात धड असलेलं एक शोधून काढलं. एक फांदी मोडली होती, मूळ जागेवर होतं. ते निळ्या बादलीत लावलं, वर मोडक्या खुर्चीच्या दांडीचा आधार दिला, आणि बादली स्वयंपाकघराच्या खिडकीच्या आत, उन्हाच्या बाजूला ठेवली. या वेळी त्यांनी कुणालाही विचारलं नाही. अर्ज नाही, नकाशा नाही, काही नाही. पुढचे आठ दिवस दारावरची घंटा वाजली की दार उघडायच्या आधी ते एकदा बादलीकडे बघून घ्यायचे.

नवव्या दिवशी घंटा वाजली आणि सेक्रेटरीच आले. नोटिशीच्या पोचेवर सही घ्यायची राहिली होती. पाणी प्यायला म्हणून ते आत आले, आणि खिडकीकडे बघत थबकले.

"हे काय आहे?"

चौतीस वर्षं लोकांनी काकांना हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांनी दर वेळी शोध घेऊन, नियम काढून, खरं उत्तर दिलं होतं. 

"बादली," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी बादलीकडे बघितलं. बादलीतून दोन हात वर आलेल्या झाडाकडे बघितलं. खिडकीशी बसून पान बोटांत चुरडून हुंगत असलेल्या काकूंकडे बघितलं. मग ग्लास खाली ठेवला आणि हात जोडले.

"आहेच बादली. फक्त एक करा काका. याचा अर्ज करू नका."

सही न घेताच ते गेले.

पुढचा महिना काकूंनी रोज सकाळी पान चुरडलं. कधी म्हणत, आला वाटतं. कधी म्हणत, कुठे काय. काका आशा धरायचे आणि सोडायचे, पुन्हा धरायचे, आणि त्याचाही त्यांना थकवा आला होता. झाडाला शेवटी एकच टोमॅटो धरला. तो एका बाजूने लाल झाला, एका बाजूने होईना. आणखी चार दिवस थांबायला हवं होतं, पण काकांच्याने राहवलं नाही. दुपारी जेवणाच्या वेळी त्यांनी तो तोडला, चार फोडी केल्या आणि बशी काकूंसमोर ठेवली. मग स्वतः उभेच राहिले.

काकूंनी फोड तोंडात टाकली. चावली. चावता चावता थांबल्या. त्यांचा चेहरा वाकडा झाला, एक डोळा मिटला गेला.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालीस?"

"आंबट आहे हो! किती आंबट! अर्धा कच्चा तोडलाय. चार दिवस धीर धरवेना का? आणि या फोडी केल्यात की लाकडं फोडलीत? मीठ आणा आधी."

काका मीठ आणायला वळले. डबा समोरच होता, पण तो त्यांना नीट दिसेना, म्हणून ते थोडा वेळ त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग डोळे पुसून चमचाभर मीठ घेऊन आले.

"एवढं?" काकू म्हणाल्या. "एका टोमॅटोला? आणि ही भाजी कसली केली आहे तुम्ही, नुसतं पाणी. रोज अशीच करत होतात का? वर्षभर मला हे खायला घातलंत?"

"हो," काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून समोर बसले. काकू बोलत राहिल्या. भाजीवरून त्या चहावर गेल्या, चहावरून बादलीवर आणि बादलीवरून त्या पलंगावर आल्या. पलंगावर त्यांना बरंच बोलायचं होतं.